पटावर आहे, वर्गात नाही

शाळेतल्या मुलांची उंची-वजनं मोजायचं काम विद्यार्थी सहायकाला सोपं वाटतं. चपला काढा, टाचा भिंतीला लावा, नजर समोर, आकडा लिहा... झालं! पण मंडळी, मला अडवतो तो यादीतला एकच शब्द: 'गैरहजर'.

शहागड गोदावरीकाठी, अंबड तालुक्यात. पूल ओलांडला की बीड जिल्हा. हा सगळा ऊसतोडीला जाणाऱ्यांचा पट्टा. उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या आसपास कारखान्यांकडे निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. काही लेकरं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, बाकीची आईबापाबरोबर उसाच्या फडात.

आता मोजमाप जानेवारीत ठेवलं तर? सरासरी काढताना गैरहजर मुलं आपोआप गळतात आणि तक्ता म्हणतो, सगळं ठीक आहे! कोपीत झोपणारी, शाळेतली खिचडी चुकलेली, म्हणजे ज्यांची काळजी जास्त, तीच हिशेबाबाहेर.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळेत वर्षातून एकदा येतात. तो एक दिवस हुकला की वर्ष गेलं. १० फेब्रुवारीचा राष्ट्रीय जंतनाशक दिन तर ऐन हंगामातच येतो.

म्हणून मला वाटतं, अशा गावांत मोजमाप दिवाळीआधी व्हावं. आणि 'गैरहजर'पुढे आणखी एक रकाना हवा: लेकरू कुठे गेलं, कधी परतणार? शेजारची मुलं ते लगेच सांगतात. विचारायला हवं, एवढंच.