उतार नको, सपाटी हवी

अब्बांना बर्फावर चालायचंय. घसरायचं नाही, चालायचंय. निवृत्तीनंतर ते रोज फजरची नमाज झाली की रंकाळ्याला फेरी मारतात आणि पन्हाळा ते पावनखिंड ही वाट त्यांनी तीनदा पायी केली आहे. स्कीइंगचा एक प्रकार चालणाऱ्यांचाही असतो, हे त्यांना कुठूनतरी कळलं. क्रॉस-कंट्री म्हणतात त्याला. पायाखालच्या पट्ट्या अरुंद आणि हलक्या, बूट फक्त चवड्याशी अडकवलेला, टाच मोकळी. पायताण घालून चालताना उचलते तशी. दोन हातांत काठ्या घेऊन सपाटीवरून लांबवर जात राहायचं.

जागा ठरवताना इथंच घोळ होतो. जाहिराती असतात त्या उताराच्या. रोपवेने वर जा, सुसाट खाली या. आम्हाला नेमकं उलटं हवं होतं.

पहिलं नाव औलीचं निघालं. जोशीमठच्या वर, समोर नंदादेवी. पण तिथलं मुख्य आकर्षण उतारच. शिवाय २०२३ च्या जानेवारीत जोशीमठची घरं भेगाळली, रोपवे बंद करावा लागला, ते टीव्हीवर बघितलेलं अजून डोळ्यांसमोर आहे. माझ्या मनात आणखी एक कारण होतं. काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका डोंगरी गावात फोनवर खोली ठरली होती. नाव सांगितल्यावर ती अचानक ‘भरली’. मी हे बोलून दाखवलं तर अब्बा म्हणाले, “त्यासाठी औली सोडायची नाही. चढ आहे म्हणून सोडायची.”

मग गुलमर्ग. तर लगेच शेजारचे काका, “तुम्हाला काय, काश्मीर घरचंच!” हे प्रेमानेच म्हणतात, मला माहीत आहे. पण आमचं घर कोल्हापुरात. काश्मिरी भाषेतलं एक वाक्य आम्हाला येत नाही आणि तांबडा-पांढरा दोन दिवस मिळाला नाही तर अब्बा कावतात. गुलमर्ग हवं ते त्याच्या आकारामुळे. सुमारे २,६५० मीटर उंचीवरचं ते वाटीसारखं कुरण आहे. उन्हाळ्यात जिथं गोल्फ खेळतात, तिथं हिवाळ्यात क्रॉस-कंट्रीच्या शर्यती होतात. अफरवतला जाणारा गोंडोला बघायचा आणि सोडून द्यायचा.

अम्मीने मात्र तारीखच पुढे ठेवली. २२ एप्रिल २०२५, पहलगाम, २६ माणसं. त्यात आपल्या महाराष्ट्रातलेही होते, आणि पर्यटकांना वाचवायला धावलेला तिथला घोडेवालाही. यावर तिला समजावण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. ती एवढंच म्हणाली, “मग मीपण येते.” तिकिटं तीन झाली.

राहिला महिना. २०२७ मध्ये रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लागेल. मुसाफिराला रोजे नंतर पुरे करण्याची सवलत आहे, धाकट्या भावाने लगेच आठवण करून दिली. पण हौसेचा प्रवास मुद्दाम रमजानात काढून ती सवलत घ्यायची, हे मला पटत नाही. जानेवारीत जावं तर बर्फाचा भरवसा उरलेला नाही. २०२४ च्या जानेवारीत, ऐन चिल्ले कलानात, गुलमर्ग कोरडं होतं. २०२५ मध्ये खेलो इंडियाच्या तिथल्या हिवाळी स्पर्धा बर्फ नाही म्हणून लांबल्या आणि मार्चमध्ये झाल्या. आपली ईद मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. चार दिवस पाहुणे उरकले की निघायचं. कटऱ्याहून आता श्रीनगरपर्यंत रेल्वे जाते, त्यामुळे जम्मूहून घाटातली बस टळेल.

अम्मीची चिंता आता वजूच्या पाण्यावर आली आहे. पाय धुवायचे कसे त्या थंडीत? चामडी मोज्यांवर मसह करता येतो, प्रवाशाला तीन दिवस-तीन रात्री. अब्बांनी ते मोजे विकत घ्यायचे नाहीत असं ठरवलंय. चामड्याच्या गावात राहून बाहेरून कशाला आणायचे, म्हणतात. परवा ते मापाचा कागद घेऊन चप्पल लाइनला जाऊन आले. कारागिराने आधी विचारलं, “ह्याला तळ कुठं लावायचा?”