दार मुंबईत, किल्ली पौडात

मी मराठीचा प्राध्यापक. हयात समास सोडवण्यात चाललेली. यंत्रांशी संबंध फार तर फ्यूजची तार बदलण्यापुरता. अशा माणसाने पौडच्या घरात फाइल सर्व्हर मांडायला घेतला, तेव्हा आमच्या मंडळींनी कपाळाला हात लावला.

कारण मात्र साधे होते. आईच्या ओव्या! आई जाऊन चार वर्षे झाली. तिच्या आईचे, म्हणजे माझ्या आजीचे, माहेर मुळशीच्या धरणात बुडाले. १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह उभारला, तरी पाणी चढायचे ते चढलेच. ते डोंगरापलीकडे भिऱ्याला उतरते, त्याची वीज होते नि मुंबईकडे जाते. गाव गेले, ओव्या तेवढ्या आजीकडून आईकडे आल्या. मी त्या कॅसेटीवर घेतल्या, पुढे त्यांच्या फाइली करून एका कंपनीच्या कोठारात ठेवल्या. एके दिवशी तिचे पत्र आले : जागा संपली, पैसे भरा. मनात आले, साठा आपला नि किल्ली दुसऱ्याची, हे आमच्या घराने एकदा भोगले आहे.

पुतण्याने तळहाताएवढा संगणक आणून त्यात नेक्स्टक्लाऊड बसवले. पण नागपूरच्या ताईने ऐकावे कसे? आमच्या इंटरनेटवाल्याने अनेक घरांना मिळून एकच पत्ता दिलेला. बाहेरच्याने दार ठोठवावे तरी कुठले?

"काका, मग आपणच बाहेर जायचे," पुतण्या म्हणाला.

मुंबईत एक लहानसा सर्व्हर भाड्याने घेतला. हा आमचा रिले. पौडचे यंत्र आपण होऊन त्याच्यापर्यंत वाट उघडी ठेवते. ताई मुंबईचे दार वाजवते. हा निरोप्या तिचे पाकीट न फोडता पौडास पोचवतो. पाकीट उघडायची किल्ली घरीच.

सारे जुळले, नि सर्व्हरने ताईलाच दारातून परत पाठवले! म्हणे, हे नाव विश्वासातले नाही. घराला स्वतःचे नवे नावच ठाऊक नव्हते. विश्वासू नावांच्या यादीत मी ते लिहिले, तोच वीज गेली. धरण उशाला नि कोरड घशाला, दुसरे काय!

तासाभराने वीज आली. ताईला फोन लावला. ती काही बोलेना. मग तिच्यामागून आईचा आवाज ऐकू आला. ज्या मुंबईसाठी आजीचे माहेर बुडाले, तिच्याच वाटेने ओवी नागपूरला पोचली होती.

ताई एवढेच म्हणाली, "जात्याची घरघरसुद्धा आली रे."