काठ उथळच हवा

दिल्लीतले यमुना जैवविविधता उद्यान पाहिल्यापासून शहरांतल्या तलावांच्या सुशोभीकरणाबद्दल माझे मत पक्के झाले आहे. पाणथळ जागेचा जीव तिच्या काठात असतो. पाणी किती आहे यापेक्षा ते जमिनीला कसे भिडते, यावर तिथे कोण जगणार हे ठरते. आणि आपण तलाव सुधारायला घेतो तेव्हा पहिला घाव याच काठावर घालतो. गाळ खरवडून सगळीकडे सारखी खोली करायची, चहूबाजूंनी दगडी भिंत उभारायची, वर फरसबंदी आणि दिव्यांचे खांब, मधोमध कारंजे. पाणी राहते, पाणथळ जाते.

वजिराबादजवळ, जगतपूर गावाच्या शेजारी सुमारे ४५७ एकरांवर हे उद्यान आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाने २००२ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या अभ्यासकांना हाताशी धरून, प्रा. सी. आर. बाबू यांच्या मार्गदर्शनाखाली हे काम सुरू केले, तेव्हा जमीन खारवट आणि चोपण झालेली होती. नदीकाठची मूळ झाडे गेलेली होती. अशा जमिनीवर रोपे आणून लावली असती, तर ती पहिल्या उन्हाळ्यातच वाळली असती. म्हणून आधी खारेपणा सोसणारी गवते आणि शेंगवर्गीय वनस्पती आल्या, मातीला जरा बरे वाटू लागले, आणि मग यमुनेच्या पूरमैदानातली झाडे. पाण्याच्या बाबतीतही हाच विचार होता. कुठे खोल, कुठे घोटाभर, मध्ये बेटे, कडेला पाणकणीस आणि देवनळाची दाटी. या चढउतारामुळेच पक्ष्यांची वाटणी होते. थापट्या उथळ पाण्यात आपली रुंद चोच पृष्ठभागावर फिरवून बारीक जीव गाळून खातो. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारी मोठी लालसरी बुडी मारून तळाची पाणवनस्पती खाते, तिला खोली लागते. जांभळी पाणकोंबडी देवनळाच्या आडोशाशिवाय घरटे करत नाही, चिखलपायांना ओला चिखल हवा आणि रातबगळ्याला दिवसा बसायला पाण्यालगतचे झाड. सारख्या खोलीच्या, दगडी भिंतीच्या तलावात यांतले बहुतेक उपाशी राहतील किंवा उघड्यावर पडतील.

हे सारे माणसाने आखलेले आहे, मग याला निसर्ग कसे म्हणायचे, असा आक्षेप घेतला जातो. आखणी माणसाची आहे हे मला मान्य आहे. पण नदीने जे केले असते, तेच ही आखणी करू पाहते, आणि नंतर पुष्कळसे स्वतःहून घडते. नोव्हेंबर २०१६ मध्ये इथे बिबट्या दिसला. त्याला कुणी आणून सोडले नव्हते. भक्ष्य आणि आडोसा दोन्ही असल्याशिवाय एवढा मोठा शिकारी राहत नाही. परिसरातल्या लोकांची भीती खरी होती, आणि पुढच्याच महिन्यात वनखात्याने त्याला पकडून दूर नेले. त्या निर्णयावर मतभेद असू शकतात. मला मात्र त्याच्या येण्याचे महत्त्व जास्त वाटते.

डासांचा आक्षेप तर ठरलेलाच. त्याला उत्तर देणे कठीण नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घराभोवतीच्या टाक्या, कुंड्या, टायर यांतल्या साचलेल्या पाण्यात वाढतो. मासे, चतुरांच्या अळ्या आणि बेडूक असलेल्या पाण्यात डासांच्या अळ्यांना सुखाने वाढू देणारे कुणी नसते. जागेच्या किमतीबद्दल म्हणाल, तर जुलै २०२३ मध्ये दिल्लीत यमुना २०८.६६ मीटरपर्यंत चढली आणि १९७८ चा विक्रम मोडला, तेव्हा बांधकामाखाली गेलेल्या पूरमैदानाची किंमत शहराने मोजली. पुराला पसरायला जागा हवी, आणि अशी मोकळी पाणथळ जमीन ती देते.

सगळ्यांत घातक मला वाटतो तो चौथा युक्तिवाद, कारण तो कौतुकाचा वेष घेऊन येतो: पाणथळ नव्याने घडवता येते ना, मग इथली बुजवू, तिथे दुसरी करू. जगतपूरचे यश पुढे करून असे म्हणणे म्हणजे त्या यशाचे कारणच न पाहणे. लालसरी तिथे उतरते, कारण नदी शेजारीच वाहते आहे आणि तिच्या वाटेवरच्या इतर पाणथळी अजून शिल्लक आहेत. लंडनमध्ये बार्न एल्म्सचे निकामी झालेले जुने जलाशय मोडून २००० मध्ये पाणथळ केंद्र उघडले, तिथेही थेम्स लागूनच आहे. रिकाम्या प्रदेशात एकटे तळे खोदून पक्षी येत नाहीत. शिवाय चोपण जमीन सुधारायला वर्षे लागतात, बुजवायला मात्र काही डंपर पुरतात.

ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ आहे, पण भरतीला तिथला चिखल पाण्याखाली जातो आणि रोहित पक्ष्यांना तेवढे तास थांबायला नेरूळच्या डीपीएस तलावासारख्या उथळ जागा लागतात. अशा तलावाकडे येणारी भरतीच्या पाण्याची वाट बुजली, तर काठावर कितीही झाडे लावा, पक्ष्यांच्या उपयोगाचा तलाव उरत नाही. म्हणून तलावाचा आराखडा हरकतींसाठी खुला होईल तेव्हा नागरिकांनी झाडांची संख्या आणि बाकांची रचना तपासत बसू नये. पाणी कुठून आत येणार, कुठून बाहेर जाणार, काठाला किती उतार ठेवला आहे आणि उन्हाळ्यात किती चिखल उघडा पडणार, हे लेखी विचारावे, आणि भिंत रेखाटलेली दिसली तर तिथेच हरकत नोंदवावी.