घाटातला दम

हजीऱ्याहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ नवापूर ओलांडून कोंडाईबारीच्या घाटाने खानदेशात चढतो. पोटासाठी सुरतेत आलेल्या आम्हां खानदेशी माणसांची गावाकडची वाट हीच. पाच माणसे आणि दिवाळीचे सामान घेतले, की आमची जुनी डिझेल इंडिका या चढावर धापा टाकू लागते. तिचे १४०५ सीसीचे इंजिन स्वतःच्याच ओढीने हवा घेते. टर्बो मात्र बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून हवा आत कोंबतो. मग जास्त डिझेल जळते, ताकद वाढते.

इच्छापोरच्या मिस्त्रींना म्हटले, ‘टर्बो बसवून द्या.’ ते हसले. ‘हवा तो आपी दउं, पण हाडकां क्यांथी लावशो?’ मग बोटांवर मोजू लागले : पिस्टन, हेड गॅस्केट, क्लच, गिअरपेटी, रेडिएटर, ब्रेक. टर्बोला ऑइलची वेगळी नळी. वर आरटीओची मंजुरी.

मागच्या सीटवर आई असते. घाट चढायला ताकद लागते, तसा उतरायला ब्रेकचा भरवसा लागतो. टर्बोचा बेत सोडला. आता चढाआधीच खालचा गिअर टाकतो, मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना पुढे जाऊ देतो. गाव काही पळून जात नाही.