तापीतले दिवे

२०१९ साली पायाच्या शस्त्रक्रियेनंतर सुरतेस आमच्या मातोश्रींना एकाएकी धाप लागली. मूत्रपिंडे दुर्बल, म्हणून सीटी स्कॅनचे औषध वर्ज्य. डॉक्टरांनी शिरेतून अल्ब्युमिनचे काही लाख किरणोत्सारी कण सोडले. कण १० ते ९० मायक्रॉनचे, फुप्फुसातील केशवाहिन्या त्यांहून अरुंद. रक्त पोहोचेल तेथे ते अडकतात व चित्रात उजळतात. अडथळा शोधण्यास अडथळाच घालावयाचा! हजारांत एखादीच वाहिनी अडते, कणही काही तासांत विरतात, हे ऐकूनही आम्हां भावंडांचा जीव थाऱ्यावर नव्हता. मातोश्री मात्र म्हणाल्या, "तापीत दिवे सोडतो, तसंच की रे!" उजव्या फुप्फुसाच्या तळाशी दिवे पोहोचलेच नव्हते. त्याच सायंकाळी गुठळीवरील औषध सुरू झाले.