यंदा अशीरगड

आमचा पुतण्या गेल्या वर्षी न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगवर जाऊन आला. तिकीट आधी काढले, सूर्यास्ताची वेळ साधली, कोणत्या दिशेला काय दिसेल याची टिपणे केली, हे सारे त्याने फोनवर मोठ्या उत्साहाने सांगितले. १९३१ साली पुरी झालेल्या त्या इमारतीचा शहाऐंशीव्या मजल्यावरचा सज्जा जमिनीपासून सुमारे ३२० मीटर उंच आहे म्हणे. सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. फोन ठेवताच त्या म्हणाल्या, "लग्न होऊन बऱ्हाणपुरात आले त्याला अठ्ठावन्न वर्षे झाली. वीस किलोमीटरवरचा अशीरगड मी अजून पाहिलेला नाही. हे दरवर्षी 'यंदा जाऊ' म्हणायचे."

मामंजींना जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. सासूबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर आणि उजवा गुडघा आखडलेला. आमच्या घरातून याला पहिला विरोध अर्थातच चिरंजीवांचा झाला; पण आईचा तो स्वर त्यांच्याही ओळखीचा होता. बेत ठरला.

बऱ्हाणपूरच्या किती मराठी घरांची हीच कथा असेल! पाहुणे आले की त्यांना आपण राजवाड्याचे पडके महाल दाखवितो, जामा मशिदीतला संस्कृत शिलालेख दाखवितो, मुमताजमहल १६३१ साली याच गावी वारली हे सांगतो, आणि घरी नेताना दराबा बांधून देतो. गड मात्र इंदूर-इच्छापूर रस्त्यावरून जाताना मोटारीच्या खिडकीतूनच पाहायचा. समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर आणि पायथ्यापासून अडीचशे मीटरच्या आसपास अशी त्याची उंची. म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या सज्जाहून थोडी कमीच. परंतु तिथे वर नेणारा पाळणा आहे, इथे आपले पाय.

जाणाऱ्यांसाठी म्हणून आमची तयारी सांगते. दिवस निवडावा तो दिवाळीनंतरचा, फार तर माघापर्यंतचा. उन्हाळ्यात आमच्याकडे काय ऊन पडते ते सांगायला नको, आणि पावसात दगड निसरडे होतात. रेल्वेने येणाऱ्यांनी 'अशीरगड रोड' या स्थानकाच्या नावावर जाऊ नये. गड तिथून कित्येक किलोमीटर दूर आहे. बऱ्हाणपूरला उतरून रस्त्यानेच यावे. पहाटे निघावे. पाणी खालूनच भरपूर न्यावे. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही घेतले होते. वर जायला पायऱ्यांची वाट आहे आणि वाहनांची वाट निराळी आहे. वयस्कर माणूस बरोबर असेल तर मुकाट्याने वाहनाची वाट धरावी. आम्ही ती धरली नाही. "हे पायऱ्यांनी चढायचे, मीही पायऱ्यांनीच जाणार," असे सासूबाईंनी आदल्या रात्रीच बजावले होते.

सातपुड्याच्या खिंडीवर हा गड बसला आहे. उत्तरेकडून दक्षिणेत उतरणारी वाट त्याच्या नजरेखालून जाते, म्हणून त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत. फारुकी सुलतानांकडून तो अकबराने १६०१ च्या जानेवारीत घेतला, तोही लढून नव्हे. महिनोन् महिने वेढा पडला, गडावर रोगराई पसरली, आणि शेवटी सोन्याच्या किल्लीने दरवाजा उघडला असे म्हणतात. उदगीरनंतर १७६० साली निजामाने जी ठाणी मराठ्यांना दिली त्यांत अशीरगड आणि बऱ्हाणपूर होते. पुढे गड शिंद्यांकडे आला. १८१९ साली नागपूरचे अप्पासाहेब भोसले इंग्रजांपासून पळत येऊन इथे आश्रयाला राहिल्याचा बोभाटा झाला, आणि किल्लेदार यशवंतराव लाड यांच्यावर इंग्रजी फौज चालून आली. ९ एप्रिलला गड पडला. अप्पासाहेब मात्र इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातली ही अखेरची झुंज. शाळेच्या पुस्तकांत खडकी आणि कोरेगाव असतात, अशीरगड नसतो, याचे मला नेहमी वाईट वाटते.

पायऱ्यांवर सासूबाई पहिला अर्धा तास आमच्याही पुढे होत्या. मग थांबणे वाढले. वाटेतल्या एका दरवाज्याच्या सावलीत त्या बसल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून बराच वेळ काही बोलल्या नाहीत. यांनी उचलून नेण्याची गोष्ट काढली तेव्हा त्या रागावल्या. "मी इथेच बसते. धाकटी माझ्यापाशी राहील. तुम्ही दोघे वर जा आणि नीट पाहून या. घाईने येऊ नका."

आम्ही गेलो. वर दोन मिनारांची मशीद, अश्वत्थामा अजून पूजेला येतो अशी आख्यायिका असलेले महादेवाचे देऊळ, इंग्रजांच्या पडक्या बराकी आणि त्यांची थडगी, आणि कातळातली तळी. तळ्यांपाशी मी मुद्दाम थांबले. एवढ्या उंचीवर पाणी नसते तर वेढ्याला काही अर्थच राहिला नसता. उत्तरेला डोंगरामागे डोंगर. दक्षिणेला उतार संपून सपाटी सुरू होते आणि केळीच्या बागांचा हिरवा पट्टा दिसतो. गार वारा होता. यांनी कठड्यापाशी उभे राहून फोटो काढले नाहीत. नुसते पाहत राहिले. वडिलांबरोबर ते दहाव्या वर्षी इथे आले होते, हे मला तेव्हा प्रथम कळले.

खाली आलो तो सासूबाईंनी दशम्या मांडून ठेवल्या होत्या. "तळ्यांत पाणी आहे?" हा पहिला प्रश्न. आहे म्हटल्यावर बरे वाटलेले दिसले. मग "तापी दिसली का?"

"दूर धुक्यात एक पांढरी रेघ दिसली," हे म्हणाले. "तापीच असावी."

"असावी काय रे? एवढा चढून गेलास आणि असावी?" त्यांनी दहीदशमी त्याच्या हातावर ठेवली. "माघात मी येते मोटारीच्या वाटेने. माझा लांबचा चष्मा तेवढा बदलून आण."