प्रचारसभा आणि पांढरा झगा

निवडणूक जाहीर झाली की धर्मगुरुनिवासाची घंटा वेळी-अवेळी वाजू लागते. उमेदवार येतो, त्याच्याबरोबर चार-सहा कार्यकर्ते येतात, शाल येते, पुष्पगुच्छ येतो आणि छायाचित्रकार तर येतोच येतो. चहा होतो. मग खुर्ची किंचित पुढे सरकवून हलक्या आवाजात प्रश्न येतो, "फादर, तुमच्याकडे मते किती?" माझ्याकडे मत एकच आहे, हे खरे उत्तर मी दर वेळी देतो, परंतु ते ऐकून आजवर कोणाचेही समाधान झालेले मला आठवत नाही.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेसाठी मतदान झाले. त्याआधीच्या पंधरवड्यात वसईच्या पश्चिम पट्ट्यातील माझ्या जन्मगावी जाणे झाले. नोव्हेंबर हा आपल्याकडे मृतांच्या स्मरणाचा महिना. आईवडिलांच्या कबरीवर फुले ठेवून घरी आलो, तर थोरले बंधू ओटीवर वाट पाहत उभे. त्याच संध्याकाळी गावाच्या मैदानात एका उमेदवाराची सभा होती.

"फादर, पाच मिनिटं स्टेजवर बसा," बंधू म्हणाले. ते माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे, पण माझी गुरुदीक्षा झाल्यापासून मला कधी नावाने हाक मारीत नाहीत. "बोलू नका काही. नुसते बसा. नाल्याचं काम होऊन जाईल."

हा नाला म्हणजे आमच्या कुटुंबाचे जुने दुखणे. खाडीकडे जाणारा त्याचा मार्ग भरावामुळे अरुंद होत गेला आणि पावसाळ्यात पाणी आमच्या वाडीत तुंबू लागले. २०१८ च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली, तेव्हा केळीची उभी झाडे सडली. मोगरा पुन्हा लावावा लागला. बंधूंचे हात त्या मातीत साठ वर्षे राबले आहेत. तेव्हा त्यांचे ते पाच मिनिटांचे मागणे हसण्यावारी नेण्यासारखे मुळीच नव्हते. मी त्यांना एवढेच म्हणालो, "सभेला येतो. बसेन मात्र खाली, लोकांत."

सहाची सभा साडेसातला सुरू झाली. जनरेटर धडधडत होता, ध्वनिवर्धकावर चित्रपटगीताच्या चालीवर उमेदवाराचे गुणगान चालले होते. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या पहिल्या तीन रांगा महिलांसाठी. बऱ्याच जणी टेम्पोने आल्या होत्या आणि घरी स्वयंपाक राहिला म्हणून अस्वस्थ होत्या. मी सहाव्या रांगेत बसलो. माझ्या एका बाजूला माझ्या बालपणीच्या शेजारीण आजी, आता नव्वदीच्या घरात आलेल्या, लाल लुगडे नेसून. दुसऱ्या बाजूला एक मुलगा मोबाईलमध्ये मग्न.

आणि सूत्रसंचालकाची नजर पांढऱ्या झग्यावर पडली. "आपल्या गावचे सुपुत्र, आदरणीय फादर आज येथे उपस्थित आहेत! फादरांचे आशीर्वाद साहेबांच्या पाठीशी आहेत!" टाळ्या झाल्या. व्यासपीठावर एक खुर्ची लगबगीने पुढे ओढली गेली. दोघे कार्यकर्ते मला न्यायला आले.

आजींनी माझ्या बाहीला हात लावला. "फादर, म्हणजे आमचंपण ठरलं का?"

त्या एका प्रश्नाने सगळे सांगून टाकले. मी उभा राहिलो आणि आसपासच्या दहा-वीस जणांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आजी, काही ठरलेले नाही. मी ऐकायला आलो आहे. माझे नाव तर इथल्या यादीतही नाही, मी दुसऱ्या मतदारसंघातला. तुमचे मत तुमचे." कार्यकर्त्यांना हात जोडले आणि पुन्हा बसलो. वरची खुर्ची सभा संपेपर्यंत रिकामी राहिली.

उमेदवाराचे भाषण पस्तीस मिनिटे चालले. वक्तृत्व चांगले होते, हे मान्य केले पाहिजे. 'तुमचा समाज शांतताप्रिय आहे', 'तुमच्या समाजाने शिक्षणात मोठे कार्य केले आहे', 'तुमच्या समाजावर आमचे प्रेम आहे'. अकरा वेळा 'तुमचा समाज' आला. नाला एकदाही आला नाही. विहिरींचे खारे होत चाललेले पाणी आले नाही. २००९ साली चार नगरपालिका व ५३ गावे एकत्र करून महानगरपालिका झाली. त्यांतील २९ गावे वगळण्याचा २०११ चा शासननिर्णय न्यायालयात अडकला. हा प्रश्न ज्यांनी इतकी वर्षे काळजात वागविला, ते श्रोते समोर बसले होते. त्याविषयी अर्धे वाक्य आले आणि गेले.

आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की धर्मगुरूने व्यासपीठावर चढू नये हा केवळ संकोचाचा किंवा सोवळेपणाचा भाग आहे. तसे नाही. नागरी सत्ता चालविण्याचे पद धर्मगुरूने स्वीकारू नये आणि राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेऊ नये, असे ख्रिस्तसभेची १९८३ ची धर्मविधिसंहिता सांगते. दुसऱ्या बाजूने, १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १२३ वे कलम वाचण्यासारखे आहे. उमेदवाराने अथवा त्याच्या संमतीने कोणीही मतदाराला समाजातून बहिष्कृत करण्याची धमकी देणे, किंवा अमक्याला मत दिले नाही तर देवाची अवकृपा होईल असे भासविणे, हे कायद्याने भ्रष्ट आचरण ठरविले आहे. सेमिनरीत आम्ही ख्रिस्तसभेचे कायदे वर्षानुवर्षे शिकलो. देशाच्या कायद्यातही झग्याच्या सामर्थ्याची अशी नोंद आहे हे मात्र तेथे कोणी शिकविले नाही. ते शिकवायला हवे. धर्माच्या नावाने मते मागण्याविषयीचा खटलाही आपल्या शेजारचाच, सांताक्रूझ मतदारसंघातील १९९० च्या निवडणुकीचा. त्यातून उद्भवलेल्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन असा निकाल दिला आणि उमेदवाराच्या धर्माइतकाच मतदाराच्या धर्माच्या नावाने केलेला आग्रहही निषिद्ध ठरविला.

याचा अर्थ राजकारण अस्पृश्य मानावे असा नाही. प्रापंचिकांनी सार्वजनिक जीवनाकडे पाठ फिरविता कामा नये, असे पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८८ च्या प्रापंचिकांविषयीच्या प्रबोधनपत्रात स्पष्ट लिहिले आहे. निवडणूक लढवावी, प्रचार करावा, सभेत उभे राहून प्रश्न विचारावा. हे काम तुमचे आहे, वाचकहो, आणि ते फादरांवर ढकलणे सोयीचे असले तरी योग्य नाही. आपल्या वडीलधाऱ्यांनी याहून कठीण निवड केली होती. घटना समितीत धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागांचा विचार होता. समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे स्वतः ख्रिस्ती, तर येशूसंघीय धर्मगुरू फादर जेरोम डिसोझा हे सदस्य. मे १९४९ मध्ये त्या राखीव जागा सोडून देण्याचा निर्णय झाला, तेव्हा या दोघांनीही त्याला पाठिंबा दिला. शेजाऱ्यांवर विश्वास टाकून त्यांनी वेगळे दार नाकारले. आज आपणच 'एकगठ्ठा' म्हणवून घेण्यात धन्यता मानू लागलो, तर त्या विश्वासाचे काय करायचे?

त्या रात्री जेवताना बंधू बोलले नाहीत. वहिनींनी मासळीचे कालवण वाढले आणि हवापाण्याचा विषय काढला. चार दिवसांनी विरोधी उमेदवाराची सभा त्याच मैदानात होती. मी मुद्दाम पुन्हा गेलो, त्याच झग्यात, सहाव्याच रांगेत. पहिल्या उमेदवाराचे लोक त्यामुळे रागावले. दुसऱ्यांचे लोक आधीच रागावलेले होते. आजी मात्र पुन्हा शेजारी येऊन बसल्या. सभेनंतर म्हणाल्या, "दोघांनी पाण्याचं काय सांगितलं नाय." नव्वदीच्या वयात दोन्ही भाषणे शेवटपर्यंत ऐकलेली ती बहुधा एकटीच श्रोती असावी.

मग बंधूंनीच कागद काढला. नाल्याची लांबी, कोठे भराव पडला आहे, किती वाड्यांत पाणी शिरते, हे सगळे त्यांनी एका पानात लिहिले. मी फक्त शुद्धलेखन तपासले. आळीतल्या बेचाळीस जणांनी सह्या केल्या. आजींनी अंगठा न देता स्वतःचे नाव सावकाश लिहिले. प्रचार संपण्यापूर्वी त्याची एकेक प्रत दोन्ही उमेदवारांच्या कार्यालयांत पोहोचली. २३ नोव्हेंबरला निकाल लागल्यावर बंधू तिसरी प्रत घेऊन महानगरपालिकेत गेले. ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी पोचपावतीसह कपाटात जपून ठेवली आहे, आईच्या जपमाळेशेजारी.